बिल्टीवर पाच हजार लिहू दिले नाहीत

सोलापुरातून कुणाला मोठी, जुनी, नाजूक वस्तू ट्रान्सपोर्टने पाठवायची असेल तर आधी एवढंच सांगतो: बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाला देतो त्या मालाच्या पावतीवर, खोटी किंमत लिहू देऊ नका. क्लार्क कितीही घाई करो, मागे कितीही माणसं ताटकळत उभी असोत. या एका गोष्टीपायी माझे नऊ दिवस आणि चार खेपा गेल्या. महिना उलटला, तरी ट्रान्सपोर्टचं ते काउंटर आठवलं की अजून डोकं तापतं.

वस्तू म्हणजे आमचं पिनबॉल मशीन, काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी बॉल उडवत खेळायचं, नाण्यावर चालणारं. विल्यम्स कंपनीचं 'फायरपॉवर', १९८० सालचं. मुंबईतलं एक पार्लर बंद होत होतं, तिथून आप्पांनी ते १९९४ मध्ये घेतलं आणि चादरींच्या गाठी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून सोलापूरला आणलं. पुढे तीन वर्षं ते गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर उभं राहिलं, नंतर कायमचं आमच्या हॉलमध्ये. माझ्या दोन्ही मुली स्टुलावर उभ्या राहून त्याच्यावर खेळल्या. आप्पांना जाऊन सहा वर्षं झाली. आता जुनं घर सोडून जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर जायचं ठरलं आणि तिथल्या लिफ्टमध्ये मशीन मावेना.

विक्रीला काहीच त्रास झाला नाही. पुण्याचे एक संग्राहक हुतात्मा एक्स्प्रेसने आले, रात्री मुक्काम केला. त्यांनी आधी वरची पेटी उघडायला लावली. आतल्या मुख्य बोर्डावर तीन पेन्सिल सेल असतात. ते गळले की बोर्डाच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतात, बरीच जुनी मशीनं त्यानेच मरतात. आप्पांनी ते सेल २००१ मध्येच बोर्डावरून काढून वायर जोडून लांब बसवले होते. पाहुण्यांनी टॉर्च लावून बोर्ड पाहिला, "स्वच्छ आहे," म्हणाले, आणि नव्वद हजार एका शब्दात ठरले. आप्पांचं कौतुक परक्या माणसाच्या तोंडून ऐकताना मला फार बरं वाटलं.

आता ते काउंटर.

पहिल्या खेपेला क्लार्कने मान वर न करताच विचारलं, "बिल?" मी म्हटलं, घरातली वस्तू आहे, दुकानदार नाही मी. "मग जीएसटी नंबर?" तोही नाही. "बिलाशिवाय बुकिंग नाही." संपलं.

घरी येऊन साध्या कागदावर विक्रीपत्र लिहिलं: काय विकलं, कितीला, कुणी कुणाला. दोघांच्या सह्या, आधारच्या झेरॉक्स. दुसऱ्या दिवशी ते घेऊन गेलो, तर म्हणे पन्नास हजारांच्या वर माल आहे, ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना, लागणार. गल्लीतल्या सीएंना विचारलं. ते म्हणाले, पन्नास हजारांची मर्यादा दुसऱ्या राज्यात माल जाताना. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती २०१८ पासून एक लाख आहे. शिवाय घरची वापरलेली वस्तू विकणं म्हणजे धंदा नव्हे, तिथे जीएसटी नंबरचा प्रश्न येतोच कुठे? त्यांनी अधिसूचनेची प्रिंट काढून दिली. (माल राज्याबाहेर जाणार असेल तरी घाबरू नका. नोंदणी नसलेल्या साध्या नागरिकालाही ई-वे बिलाच्या पोर्टलवर स्वतः बिल काढता येतं.)

तिसऱ्या खेपेला ती प्रिंट त्याने वाचलीच नाही. मोबाइलमधला मशीनचा फोटो मात्र नीट पाहिला. "ह्याच्यात नाणं टाकतात का? मग हे जुगाराचं झालं की ओ." मला राग आला, पण मी समजावून सांगितलं. हा गैरसमज जुना आहे, न्यूयॉर्कमध्ये याच समजापायी १९४२ पासून पिनबॉलवर बंदी होती. सुरुवातीच्या मशीनला फ्लिपरच, म्हणजे बटण दाबून बॉल मारायच्या छोट्या दांड्याच, नव्हते, ते १९४७ मध्ये आले. तेव्हापासून बॉल कुठे न्यायचा हे खेळणाऱ्याच्या हातात आलं. १९७६ मध्ये रॉजर शार्प नावाच्या माणसाने तिथल्या नगरसेवकांसमोर मशीन खेळून दाखवलं, बॉल कुठल्या वाटेने जाणार ते आधी सांगितलं आणि तिथूनच नेला. मग बंदी उठली. हे सगळं मी त्या काउंटरवर उभा राहून सांगितलं, कारण ते खरं आहे आणि आप्पांच्या मशीनला कुणी जुगाराचं म्हणावं हे मला सहन होत नाही.

तो ऐकत होता असं मला वाटलं. प्रत्यक्षात तो बिल्टी भरत होता. "काका, कशाला ताण घेताय? जुनं फर्निचर, एक नग, किंमत पाच हजार. काही लागत नाही, सगळे असंच करतात." कार्बनवर पेन टेकवून त्याने पाचावर तीन शून्यं काढली सुद्धा. मी म्हटलं, फाडा तो कागद.

का, ते सांगतो. रस्ते मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आहे. त्याच्या नियमांप्रमाणे माल फुटला किंवा हरवला तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच, आणि तीही तुम्ही लिहून दिलेल्या किमतीच्या आत. म्हणजे पाच हजार लिहिलं की नव्वद हजारांच्या मशीनची भरपाई फार तर पाच हजार. पूर्ण किमतीचं संरक्षण हवं असेल तर खरी किंमत लिहून जोखमीचा जादा दर भरावा लागतो. मी तो भरायला तयार होतो. पैसे मोजतो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला परत का पाठवायचं, हे मला आजही कळलेलं नाही.

चौथ्या खेपेला "मॅनेजर येतील, बसा" म्हणून अडीच तास बसवलं. मॅनेजर आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "आमच्याकडे असं चालत नाही."

शेवटी अक्कलकोट रोडला एका लहान ट्रान्सपोर्टमध्ये गेलो. तिथल्या वयस्कर मुनीमजींनी विक्रीपत्र पूर्ण वाचलं, वजन विचारलं, नग किती ते विचारलं. मग चष्मा सारखा करत म्हणाले, "नाव काय म्हणालात? सावकाश सांगा." आणि लिहिलं: पिनबॉल खेळाचे यंत्र, जुने, वापरलेले, दोन नग, किंमत रुपये ९०,०००. भाडं २,४००, जोखमीचे वेगळे ९००. वीस मिनिटं लागली.

पॅकिंग मी आणि धाकट्या मुलीने घरीच केलं. आधी बॉल काढा. फायरपॉवरमध्ये तीन असतात, एकेक ऐंशी ग्रॅमचा पोलादी गोळा. आत राहिला तर टेंभुर्णीच्या आधीच सगळं फोडून टाकेल. टिल्टचा लंबकही (मशीन हलवलं तर खेळ थांबवणारा) काढून घ्या. वरची काच सोडवायला पुढचं नाण्याचं दार उघडून आतला खटका ओढायचा, पुढची पट्टी उचलायची, काच पुढे सरकते. ती टफन्ड असते, मधोमध दणकट, पण कडेला नाजूक. कोपरा फरशीवर टेकला तर क्षणात चुरा, म्हणून खाली चादर अंथरूनच ठेवा. ही काच आम्ही चादरीत गुंडाळून खालच्या पेटीच्या नगातच घट्ट बांधली. वरची पेटी चार बोल्टवर असते. बोल्ट सोडण्याआधी प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी लावून फोटो काढा. पाय सगळ्यात शेवटी. वजन शंभर किलोच्या वर आहे, चार हमाल सांगा, तिघांवर भागवू नका. बबल शीट थोडीच लागली, शेजारच्या कारखान्यातून डागी चादरी किलोवर आणल्या. सोलापुरात राहून दुसरं काही गुंडाळायला घ्यायचं कशाला!

चावी आत ठेवून दार लावू नका, हे आधीच सांगायला हवं होतं. आम्ही ती चूक केली आणि संध्याकाळ गेली.

बॅकग्लास, म्हणजे वरच्या पेटीची चित्राची काच, मात्र ट्रकने पाठवली नाही. चित्राचा रंग काचेच्या मागच्या बाजूला असतो आणि जुना झाला की पापुद्रे सुटतात, त्यावर चिकटपट्टी तर लावायचीच नाही. दोन थर्माकोलच्या मध्ये धरून, चादर बांधून, ती अडीच फुटांची काच मी सकाळच्या हुतात्माने खिडकीशी उभी धरून पुण्याला नेली. कुर्डुवाडी, दौंड, एकदाही जागेवरून उठलो नाही.

पुण्याला टेम्पोवाला दारात आला तो सही मागतच. मी त्याला थांबवलं. दोन्ही नग उघडले, काच पाहिली, पेटीचे कोपरे पाहिले, वरची पेटी बसवून कनेक्टर चिठ्ठ्यांप्रमाणे जोडले. प्लग लावला. दिवे लागले, बॉल सुटला आणि मशीन तोच खरखरीत इंग्रजी आवाज काढून बोललं. मग संग्राहकांनी पावतीवर 'माल सुस्थितीत मिळाला' लिहून सही केली. बिल्टीची माझी प्रत मी घरी आणून आप्पांच्या फाइलमध्ये, मशीनच्या जुन्या कागदांवर ठेवली. तिच्यावर नव्वद हजार लिहिलं आहे.