घरच्या गाडीसाठी ट्रॉली जॅक आणि अ‍ॅक्सल स्टँड निवडताना

गाडीसोबत मिळणारा कात्री जॅक स्टेपनी बदलण्यापुरताच असतो. ब्रेक पॅड पाहणे किंवा गाडीखाली शिरून ऑइलची गळती शोधणे अशी कामे घरी करायची असतील, तर ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा, तेलाच्या दाबावर उचलणारा जॅक) आणि अ‍ॅक्सल स्टँड (उचललेली गाडी ज्यावर टेकवायची ते लोखंडी आधार) यांची जोडी लागतेच. बहुतेक जण आधी मनासारखा जॅक घेतात आणि उरलेल्या पैशांत स्टँड बसवतात. माझ्या मते क्रम याच्या नेमका उलट हवा. जॅकवरचा सगळा भार तेलाच्या दाबावर आणि एका सीलवर तोललेला असतो, त्यामुळे सील झिजले, व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला किंवा कोणी दांडा चुकून फिरवला, की गाडी खाली येते. स्टँडमध्ये लोखंड लोखंडावर टेकलेले असते. म्हणून गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली हातसुद्धा घालू नये.

दुकानात पहिली चर्चा टनांची होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या दुकानदाराने मला सांगितले, ‘‘तीन टनीच घ्या की, बिनघोर राहा.’’ सल्ला प्रामाणिक होता, पण हिशेब वेगळा आहे. लहान हॅचबॅकचे वजन नऊशे किलोच्या आसपास असते आणि इंजिन पुढे असल्यामुळे त्यातला साधारण साठ टक्के भार पुढच्या चाकांवर येतो. म्हणजे पुढची बाजू पूर्ण उचलली तरी जॅकवर साडेपाचशे किलोच्या आतबाहेरच वजन पडते. अशा गाडीला दोन टनी जॅक पुरून उरतो. तीन टनी चांगला जॅक तीस किलोंच्या घरात जातो आणि तो जिन्याखालून अंगणात ओढत आणावा लागतो, हेही लक्षात घ्यावे.

खरा प्रश्न उंचीचा आहे. जॅकची किमान उंची इतकी हवी, की टायर पंक्चर होऊन गाडी बसलेली असतानाही तो खाली शिरेल. कमाल उंचीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. स्वस्तातले दोन टनी जॅक ३३ ते ३५ सेंटिमीटरपर्यंत उचलतात आणि पुष्कळ स्टँडची सर्वांत कमी उंचीच २८ सेंटिमीटरच्या आसपास असते. स्टँड सरकवायला थोडी जागा सोडली, तर हाती फार काही उरत नाही. त्यातच जॅक चढू लागला की आधी बॉडी उचलली जाते, स्प्रिंग सैल होऊन लांबतात आणि चाक बराच वेळ जमिनीलाच टेकून राहते. उंच एसयूव्हीसाठी तीन टनी जॅक घ्यावा तो वजनापेक्षा या उंचीसाठी. घरून निघताना गाडीखालची जागा टेपने मोजून आकडे लिहून न्यावेत.

स्टँड दोन तऱ्हेचे मिळतात : दात्यांवर अडकणारे रॅचेटचे आणि आरपार पिन घालायचे. रॅचेटचे स्टँड वर-खाली करायला सोयीचे, पण २०२० मध्ये अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीला असे लाखो स्टँड परत मागवावे लागले, कारण जुन्या झालेल्या साच्यांमुळे दाते आणि खिट्टी यांची पकड सगळीकडे सारखी बसत नव्हती. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) काम केलेल्या माणसाला झिजलेल्या साच्यातून कसला माल बाहेर पडतो, हे समजावून सांगायची गरज नाही. मी पिनवाले घेतले. घेताना वेल्डिंगवरून बोट फिरवून ते सलग आहे ना, मध्ये छिद्रे नाहीत ना, हे पाहावे; स्टँड सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात का ते तपासावे; आणि लेबलावरची क्षमता एका स्टँडची आहे की जोडीची, हे विचारून घ्यावे.

घरी आल्यावर एक अडचण हमखास उभी राहते. दाराखालच्या पत्र्याच्या कडेवर उचलण्याची जी खूण असते, तिथे जॅक लावला, तर स्टँड लावायचा कुठे? यावर उपाय गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो : बहुतेक गाड्यांत पुढच्या क्रॉसमेंबरसारखी (गाडीखालच्या आडव्या पोलादी तुळईसारखी) एखादी मजबूत जागा दिलेली असते, तिथे जॅक लावून स्टँड कडेच्या खुणांखाली द्यावेत. खाच असलेला रबरी पॅड वापरला की कड दुमडत नाही. ऑइल संप (इंजिनखालचे तेलाचे भांडे) किंवा तळाचा पत्रा यांना जॅक कधीही लावू नये.

अंगणात पेव्हर ब्लॉक किंवा शहाबादी फरशी असेल, तर खाली जाड प्लायवुड टाकावे. जॅकचा माथा वर जाताना कमानीत सरकतो, त्यामुळे त्याची चाके मोकळी फिरायला हवीत. ती फटीत अडकली तर गाडीच सरकते. उताराच्या बोळात हे काम करूच नये. पुढची बाजू उचलताना मागची चाके हँडब्रेक धरतो, पण मागची उचलली की बहुतेक गाड्यांत त्याचा उपयोग संपतो. तेव्हा पुढच्या चाकांना गिअर आणि लाकडी ठोकळे हेच आधार असतात. गाडी स्टँडवर सावकाश उतरवावी, हाताने जोर लावून हलवून पाहावी, आणि जॅक काढून न घेता हलका टेकवून ठेवावा.

आपल्याकडच्या पावसात जॅकचा दट्ट्या उघडा राहिला की गंजतो आणि तोच गंज सील कापतो, म्हणून काम झाल्यावर जॅक पूर्ण खाली बसवून ठेवावा. तेल कमी झाले तर हायड्रॉलिक जॅकचेच घालावे. ब्रेक ऑइलने त्याचे सील फुगतात.