कुठेच न नेणारी बोट

"आई, घेऊ का नको? पटकन सांग, माझ्यामागे तीसेक माणसं उभी आहेत."

मुलगा तिकिटाच्या रांगेत, मी आणि ताई कठड्याशी, आणि शेजारी नायगारा. फोन कानाला लावला तरी धबधबाच जास्त ऐकू येत होता. "थांब, ताईला विचारते," म्हटलं. ताई म्हणाली, "कशाला?" आता हे 'कशाला' म्हणजे 'मला कशाला विचारतेस' की 'बोटीत कशाला जायचं', हे त्या घनगंभीर आवाजात कळेना. मुलाला म्हटलं, "नंबर सोड आणि इकडे ये." आमच्या प्रवासातले बहुतेक निर्णय असेच होतात, म्हणजे होत नाहीत.

बँकेत एकतीस वर्षं काढल्यामुळे मला कुठल्याही तिकिटाकडे आधी संशयानेच बघायची सवय आहे. बोटीचं तिकीट माणशी तीसेक डॉलर, फेरी वीस मिनिटांची. मिनिटाला दीड डॉलर. त्यात बोटीत चढण्या-उतरण्याची गडबड वजा केली तर दर आणखी चढतो. आणि जे दाखवणार ते काय? तर हेच पाणी, जे इथे उभ्या उभ्या दिसतंय.

फुकट दिसतंय, हाच तर घोटाळा. अमेरिकेच्या काठावरच्या प्रॉस्पेक्ट पॉइंटच्या त्या टोकाला कठड्यावरून वाकलं की अमेरिकन फॉल्सचं, म्हणजे नायगाराच्या अमेरिकेकडच्या धबधब्याचं, पाणी अगदी हाताशी आल्यासारखं असतं. काठावर येईपर्यंत ते हिरवट, काचेसारखं गुळगुळीत, आणि कड्यावरून वळताना क्षणभर जाड होतं, दोरखंडाला पीळ भरावा तसं. मग एकदम पांढरं. मी तो एकच पीळ कितीतरी वेळ बघत होते. पाणी सारखं बदलतंय आणि पीळ मात्र तिथेच. याचे पैसे कोणी मागितले नाहीत. गाडी लावायचे घेतात, बघायचे नाही. पूर्वी मात्र घ्यायचे. काठच्या जमिनी खासगी होत्या, गिरण्या होत्या, कुंपणं होती आणि कुंपणाच्या भोकातून धबधबा बघायचेही पैसे मोजावे लागत. 1885 साली न्यूयॉर्क राज्याने त्या जमिनी घेऊन सगळ्यांसाठी खुल्या केल्या. अमेरिकेतलं हे सगळ्यात जुनं स्टेट पार्क.

तर जे सरकारने सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी फुकट करून ठेवलंय, त्याला आपण पुन्हा तीस डॉलर का द्यायचे, असा माझा मुद्दा होता. बिनतोड होता. ताईने तो ऐकला आणि म्हणाली, "पण गं, समोरून कुठे दिसतोय?"

हीच अडचण होती, आणि कठड्याशी उभं राहून बराच वेळ झाल्यावर ती बोचायला लागली होती. अमेरिकेच्या काठावरून नायगारा बाजूने दिसतो. विंगेत उभं राहून नाटक बघावं तसं. नटांच्या पाठी दिसतात, घाम दिसतो, प्रकाश कुठून येतो तेही कळतं, पण नाटक ज्यांच्याकडे तोंड करून चाललंय ते लोक पलीकडे. इथे पलीकडे म्हणजे कॅनडा. तिथल्या काठावर माणसांची ओळच्या ओळ अगदी पहिल्या रांगेत बसल्यासारखी उभी होती. मधे दरी, डाव्या-उजव्या नजरेत मावेल एवढा रेनबो ब्रिज, चालत गेलं तरी फार वेळ लागणार नाही. पण आमच्या दोघींच्या पासपोर्टात अमेरिकेचाच व्हिसा. मोठा धबधबा, हॉर्सशू, त्याचा तर बराचसा भागही कॅनडातच आहे. म्हणजे इतक्या लांब येऊन आम्ही बघत होतो तो शेजाऱ्यांचा धबधबा, तोही तिरका.

मुलाने दुसरा पर्यायही काढला होता, केव्ह ऑफ द विंड्सचा. धबधब्यांच्या मधल्या गोट आयलंड या बेटावरून लिफ्टने दरीत उतरायचं आणि लाकडी पुलांवरून ब्राइडल व्हेलच्या पायथ्याशी चालत जायचं. ब्राइडल व्हेल म्हणजे अमेरिकन फॉल्सच्या बाजूची ती एक बारीक, सुटी धार. तिथला शेवटचा ओटा धारेपासून जेमतेम सहा मीटरवर आहे म्हणे. मला खरं तर तेच पसंत होतं. स्वतःच्या पायांनी जायचं, हवा तेवढा वेळ थांबायचं, वाटलं तर परत फिरायचं. पण जिने. ताईच्या गुडघ्यांनी जिन्यांशी दोन वर्षांपूर्वीच संबंध तोडलेत.

मग आम्ही बोटीकडे वरून बघत बसलो. वरून ती बोट जरा केविलवाणीच दिसते. धक्क्यावरून निघते, अमेरिकन फॉल्सच्या पुढून जाते, हॉर्सशूच्या पांढऱ्या धुक्यात शिरते आणि दिसेनाशी होते. थोड्या वेळाने तोंड फिरवून बाहेर येते आणि निघाली तिथेच परत लागते. डेकवर निळ्या पिशव्यांसारखी माणसं. समोरून दुसऱ्या कंपनीची बोट येते, तिच्यात लाल पिशव्या. निळे अमेरिकेचे, लाल कॅनडाचे. एवढा आटापिटा करून कोणी कुठेच पोचत नाही.

गंमत म्हणजे ही बोट मुळात पोचवायलाच होती. मुलगा फोनमधून एकेक वाचून दाखवत होता. 1846 साली 'मेड ऑफ द मिस्ट' सुरू झाली ती सहलीची बोट म्हणून नाही, तर नदी ओलांडून देणारी साधी बोट म्हणून. या काठची माणसं, सामान त्या काठाला न्यायचं. दोन वर्षांत नदीवर झुलता पूल झाला आणि ने-आणीचा धंदा बसला. बसलेल्या धंद्याचं काय करायचं, तर चला, धबधबा दाखवू. पुढे 1854 मध्ये मोठी बोट आली, पण 1861 मध्ये तीही विकायची वेळ आली. घेणाऱ्याची अट अशी की बोट खाली लेक ऑन्टॅरिओत आणून द्यायची. म्हणजे मधल्या भयानक खळाळातून आणि भोवऱ्यातून. कॅप्टन जोएल रॉबिन्सन दोन माणसं घेऊन निघाला आणि पोचवली त्याने. बोटीचं धुराडं तेवढं वाटेत गेलं. त्यानंतर दोन तपं बोटच नव्हती. 1885 मध्ये पुन्हा सुरू झाली ती मात्र निव्वळ बघ्यांसाठी.

हे ऐकून मला ती बोट एकदम आवडायला लागली. तिचं काम पुलाने काढून घेतलं आणि तरी ती राहिली. निवृत्त माणसाला अशा गोष्टी लागतात.

"एकदा मात्र तिने खरंच काम केलं," मुलगा म्हणाला. 9 जुलै 1960. वरच्या नदीत एक लहान नाव उलटली. त्यात सात वर्षांचा एक मुलगा, त्याची मोठी बहीण आणि त्यांच्या ओळखीचा एक गृहस्थ. बहिणीला काठावरच्या माणसांनी अगदी कड्याजवळ धरून ओढलं. तो गृहस्थ गेला. तो सात वर्षांचा मुलगा नुसत्या लाइफ जॅकेटवर हॉर्सशूवरून खाली आला आणि जिवंत राहिला. खाली ही बोट फेरीवर होती. बोटीवरच्यांनी रिंग फेकली आणि त्याला वर घेतलं. ताई काही बोलली नाही. तिने फक्त एकदा पाण्याच्या कडेकडे आणि एकदा खालच्या बोटीकडे पाहिलं, अंतर मोजल्यासारखं.

निर्णय मात्र या कशामुळेच झाला नाही. मुलगा सहज बोलून गेला की हद्द नदीच्या मधून जाते आणि हॉर्सशूच्या आत शिरताना बोट ती ओलांडते.

"म्हणजे व्हिसाशिवाय कॅनडा?" ताई उठलीच. "लिफ्ट आहे ना खाली जायला? चला."

टॉवरमधली लिफ्ट दरीच्या तळाशी सोडते. तिथे हातात निळा रेनकोट देतात. रेनकोट कसला, बाह्यांच्या जागी भोकं असलेली पातळ पिशवी. ताईने ती साडीवरून चढवली आणि आत वारा भरून तिचा असा काही फुगा झाला की मागचं कुटुंब आधी हसलं आणि मग त्यांचाही झाला. वर की खाली यावर पुन्हा चर्चा. ताईसाठी खालच्या डेकवर थांबलो, कठड्याला धरून. जाणार असाल तर एक सांगते, चष्मा आधीच काढून ठेवा आणि चपला भिजल्या तर चालतील अशा घाला. बाकी कसलीही तयारी उपयोगाची नाही.

बोट निघाली ते कळलंच नाही, कारण आवाजच नाही. 2020 पासून या बोटी बॅटरीवर चालतात. दोन फेऱ्यांच्या मधे धक्क्यावर सात मिनिटं चार्जिंग. वीज इथलीच, नायगाराच्या पाण्यावरची. म्हणजे पाणीच बोटीला पाण्याच्या तोंडी ढकलतं.

पहिल्यांदा अमेरिकन फॉल्स. वरून जे पाणी इतकं देखणं वळत होतं, ते खाली दगडांच्या ढिगावर आपटत होतं. घराएवढे दगड, त्यांच्यावर बेफिकीर बसलेले सीगल. हा ढीग उचलावा का हे ठरवण्यासाठी 1969 मध्ये इंजिनिअरांनी वर बांध घालून ही अख्खी बाजू जूनपासून नोव्हेंबरपर्यंत कोरडी केली होती. धबधबा बंद! पाहणी झाली, विचार झाला, आणि शेवटी ठरलं की दगड आहेत तसेच राहू द्यावेत. आमच्या घरातल्या चर्चांची आठवण झाली.

आणि मग हॉर्सशू. इथे मला खरं सांगायला हवं: काही दिसत नाही. ज्यासाठी विंग सोडून समोर आलो ते समोरून बघायला म्हणावं तर आधी हिरव्या-पांढऱ्या भिंती येतात, तिन्हीकडून, साधारण 57 मीटर उंच. त्या नीट बघेपर्यंत वारा तोंडावर पाणी फेकतो आणि सगळंच पांढरं होतं. डोळे उघडे ठेवायला जमत नाही. फोटो काढणारे फोन पिशवीच्या आत घेतात. बोट तिथे पुढे जात नाही आणि मागेही येत नाही. प्रवाह तिला बाहेर ढकलतो, ती तेवढ्याच जोराने आत ढकलते आणि एका जागी थरथरत राहते. मी कठड्याचा लोखंडी दांडा घट्ट धरला होता आणि ती थरथर तळव्यातून कोपरापर्यंत येत होती. एवढी ताकद लावून जागच्या जागी. ताई माझ्या कानाशी तोंड आणून काहीतरी ओरडली. मी मान हलवली. तिनेही मान हलवली. काय म्हणाली, ते तेव्हा कळलं नाही आणि नंतर विचारलं तर तिलाच आठवेना.

ते किती वेळ चाललं? घड्याळ बघण्याची सोय नव्हती. मिनिटाला दीड डॉलरचं मीटर, कबूल करते, त्या पांढऱ्यात कुठेतरी बंद पडलं. बोट वळली, समोर ऊन आलं, पाण्यावर इंद्रधनुष्य उमटलं आणि लोक एकमेकांकडे बघून उगाचच हसायला लागले. अनोळखी माणसं, निथळणारी. पलीकडून लाल पिशव्यांची बोट आत चालली होती. त्यांनी हात हलवला, आम्हीही हलवला, 'जा जा, कळेल आता' असा.

वर आल्यावर पुन्हा तोच कठडा, तेच पाणी. आता ते लांब वाटलं.

रात्री जेवून रोषणाई बघायला परत आलो. रेनकोट मोटेलच्या बाथरूममध्ये वाळत टाकले होते, ताईने फेकून देऊ दिले नाहीत. साडेदहा वाजून गेले होते. धबधबा आधी जांभळा, मग केशरी, मग अमेरिकन झेंड्याचा झाला. मला ते फारसं रुचलं नाही, पण मत कोणी विचारलं नव्हतं. मुलगा म्हणाला, "आत्ता यात निम्मंच पाणी आहे, माहितीये?" 1950 साली दोन्ही देशांनी करार केला. पर्यटनाच्या दिवसांत दिवसा सेकंदाला निदान 2832 घनमीटर पाणी कड्यावरून सोडायचं. रात्री दहानंतर मात्र त्याच्या निम्म्यावर आणायची मुभा. उरलेलं बोगद्यांतून वळवतात, विजेसाठी.

म्हणजे नायगारासुद्धा शिफ्टमध्ये. मी टक लावून बघत राहिले, फरक कळतोय का ते. कळला असं म्हणवत नाही.

ताई मात्र कठड्याला टेकून बोटांवर काहीतरी मोजत होती.

"आपण गेलो तेव्हा किती वाजले होते रे?"

"दोन-अडीच."

"म्हणजे सगळं पाणी होतं तेव्हा," ताई म्हणाली आणि समाधानाने शाल सावरली. "मग ठीक आहे."