पोलीस रेकॉर्डवरचं नाव: कुणाचं निघतं, कुणाचं नाही

‘ठरावीक वर्षं गेली की रेकॉर्ड आपोआप साफ होतं’ हे डोक्यातून काढून टाका. प्रौढ व्यक्तीसाठी तशी सरसकट तरतूद भारतात नाही.

गुन्हा घडताना वय १८च्या आत असेल तर बाल न्याय कायदा, २०१५चं कलम २४ पाहा. अपिलाची मुदत संपल्यावर ठरलेल्या काळात नोंदी नष्ट व्हायला हव्यात, शिक्षेमुळे अपात्रताही लागत नाही. अपवाद एकच: १६ वर्षं पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी, ज्यांना बाल न्यायालयाने निर्घृण गुन्ह्यात दोषी धरलं आहे.

बाकीच्यांना उच्च न्यायालय. शेजाऱ्याशी हाणामारी, नवरा-बायकोचं प्रकरण, पैशाचा वाद अशा गुन्ह्यांत समेट झाला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम ५२८खाली (जुन्या सीआरपीसीचं ४८२) एफआयआर रद्द होऊ शकतो. फिर्यादीचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. खून, बलात्कार, दरोडा यांत समेट चालत नाही. दोषारोपपत्र दाखल झालं असेल तर तेही रद्द करा, अशी मागणी अर्जात हवी. ती हमखास राहून जाते.

आदेश मिळाला की लोक निवांत होतात, आणि तिथेच घोळ होतो. संगणकातली नोंद ‘प्रलंबित’च राहते आणि चारित्र्य पडताळणीत वर येते. प्रमाणित प्रत पोलीस ठाण्यात द्या, सीसीटीएनएसमधली (पोलिसांची गुन्हे नोंदींची संगणक प्रणाली) नोंद अद्ययावत करण्याचा लेखी अर्ज जोडा आणि पोच घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

सरकारी नोकरीच्या फॉर्ममध्ये ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का’ विचारलं असेल, तर निर्दोष सुटका झालेली असली तरी ‘होय’च लिहा.