न कापलेलं रेकॉर्डिंग

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहिते. हळदीचा हंगाम भरात आला की रोजच्या सौद्याची एक शीट होते: शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर, हमाली-तोलाई वजा जाऊन निघालेली पट्टी. महिनाअखेरीला या सगळ्या शीट जोडून मालकांना गावनिहाय आकडे द्यावे लागतात. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हे काम लवकर उरकतं असं कळल्यावर मी ते शिकायचं ठरवलं. धड्यांची कमतरता नव्हती. तरी मला खरी समज आली ती एका संध्याकाळच्या क्लासच्या रेकॉर्डिंगमधून, ज्यात शिकवणारे सर स्वतःच अडकले होते. असे तुकडे हल्ली कापून टाकतात. मला ते मोठं नुकसान वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात घरीच, रात्री जेवणं झाल्यावर, व्हिडिओ बघून केली. छान बनवलेले व्हिडिओ होते. शिकवणारा एक ओळ लिहितो, चालवतो, उत्तर येतं. दुसरी ओळ, पुन्हा उत्तर. बघताना सगळं समजत होतं. मात्र स्वतःची फाइल उघडली की लाल अक्षरांचा ढीग यायचा आणि त्या ढिगाचं काय करायचं हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं, कारण त्यांच्याकडे तो ढीग कधी आलेलाच दिसत नव्हता.

याला एक चांगला अपवाद मिळाला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठी आवाजातही आहेत आणि त्यांच्या सी भाषेच्या धड्यांत नेहमी होणाऱ्या चुका मुद्दाम करून दाखवतात. ओळीच्या शेवटचा सेमिकोलन गाळायचा, संगणक काय म्हणतो ते बघायचं, मग दुरुस्त करायचं. लाल अक्षरांची भीती माझी तिथे गेली. पण ठरवून केलेल्या चुकीत करणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. तो सरळ त्या जागेवर जातो. उत्तर माहीत नसलेला जाणकार माणूस कुठून शोधायला लागतो, हे मला बघायचं होतं.

ते सांगलीतल्याच विश्रामबागच्या पायथन क्लासमध्ये दिसलं. सर आठवड्याचा वर्ग रेकॉर्ड करून जसाच्या तसा ग्रुपवर टाकायचे. एकदा त्यांनी खरी फाइल मागितली, म्हणून मी नावं पुसून आमच्या दुकानाची एक शीट दिली. सरांनी ती पांडाज, म्हणजे पायथनमधलं तक्ते हाताळायचं साधन, वापरून उघडली आणि ‘शेतकऱ्याचे नाव’ हा रकाना मागवला. समोर कीएरर. म्हणजे असा रकानाच नाही. पडद्यावर तर तो ठळक दिसत होता.

सरांनी आधी लाल मजकुराची शेवटची ओळ वाचली. हे मला नवीन होतं, मी नेहमी वरून वाचत आले होते. पायथनमध्ये खरी तक्रार तळाला असते आणि वरच्या ओळी फक्त तिथवर कसे आलो ते सांगतात. मग त्यांनी सगळ्या रकान्यांची यादी छापली. नाव होतं. ‘शेवटी रिकामी जागा राहिली असेल,’ म्हणत त्यांनी स्ट्रिप लावून पुढच्या-मागच्या जागा काढल्या. पुन्हा कीएरर. ‘बरं, म्हणजे जागेची भानगड नाही.’ मग युनिकोड, म्हणजे अक्षरांचे संगणकातले क्रमांक, एकसारखं करण्याचं एक फंक्शन वापरलं. फरक पडला नाही. सर म्हणाले, ‘थांबा, हे मला आत्ता माहीत नाही. बघू.’ आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

त्या शांततेनंतर त्यांनी जे केलं ते मी कितीतरी वेळा परत बघितलं आहे. त्यांनी छापलेल्या यादीतून ते नाव कॉपी केलं आणि स्वतः टाइप केलेल्या नावाच्या जागी चिकटवलं. रकाना आला! म्हणजे दोष फाइलमध्ये नव्हता, दोन टायपिंगमध्ये काहीतरी वेगळं होतं. दोन्ही नावांची लांबी मोजली, तर एकात एक अक्षर जास्त. मग दोन्हींची अक्षरं सुटी करून छापली आणि गोष्ट उघडी पडली. ‘ऱ्या’ दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात नुक्ता (खालचं टिंब) असलेला ऱ, हलंत (पाय मोडायचं चिन्ह) आणि य. दुसऱ्यात साधा र, हलंत, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. आमच्या दुकानातला कीबोर्ड एका प्रकारे लिहीत होता, सरांचा दुसऱ्या प्रकारे. शेवटी त्यांनी फाइल उघडताक्षणी रकान्यांना साधी छोटी नावं द्यायची पद्धत दाखवली आणि पुढे गेले.

हे रेकॉर्डिंग नीटनेटकं करायचं म्हटलं असतं तर काय राहिलं असतं? ‘मराठी रकान्यांची नावं आधी बदलून घ्या,’ एवढं एक वाक्य. सल्ला अगदी बरोबर. पण पुढच्या महिन्यात माझ्या गावनिहाय बेरजेत ‘कडेगाव’ दोनदा आलं, वेगवेगळ्या आकड्यांसह, तेव्हा त्या वाक्याचा काही उपयोग नव्हता. मी सरांच्या वाटेने गेले. दोन्हींची लांबी मोजली, एकात एक जास्त. सुटं करून पाहिलं तर शेवटी रिकामी जागा. स्ट्रिप लावलं, दोन्ही कडेगाव एक झाले. म्हणजे सरांचा जो अंदाज त्या दिवशी फुकट गेला होता, तोच माझं उत्तर निघाला. स्वच्छ केलेल्या व्हिडिओतून सगळ्यात आधी तोच कापला गेला असता.

दुसरी चूक तारखांची. सरांनी फेब्रुवारी ते एप्रिलच्या आवकेचा आलेख काढला, तर रेषा जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत पसरली आणि दर महिन्याच्या दोन, तीन, चार तारखेला टोकं आली. लाल अक्षर एकही नाही. सर आलेखाकडे बघत म्हणाले, ‘फाइलमध्ये तीनच महिने आहेत, हे बारा कुठून आले?’ वेगळं सांगितलं नाही तर पांडाज ०५/०२ ही ५ फेब्रुवारीची तारीख अमेरिकन रीतीने २ मे समजतं. १३ पासूनच्या तारखांना तेरावा महिना नसल्यामुळे त्या मात्र नीट वाचल्या गेल्या होत्या. दिवस आधी येतो हे सांगणारा डेफर्स्ट हा पर्याय त्यांच्याकडून द्यायचा राहिला होता. सरांकडची पांडाजची आवृत्ती जुनी होती; २०२३ साली आलेल्या २.० आवृत्तीपासून अशी सरमिसळ झाली तर सहसा पांडाज थांबून तक्रार करतं, पण सगळ्याच तारखा १२ च्या आतल्या असतील तर आजही चुपचाप उलटं वाचतं. मी तेव्हापासून कुठलीही बेरीज मालकांना देण्याआधी पहिली आणि शेवटची तारीख छापून बघते.

प्रत्येक चूक ठेवावी असं मी म्हणत नाही. स्पेलिंग चुकलं, माइक बंद राहिला, हे खुशाल कापावं. आणि शिकवणाऱ्याच्या लक्षातच न आलेली चूक तर घातक, कारण नवशिका तीच वहीत उतरवून घेतो. ती सापडली की त्या जागी ठळक सूचना हवी. ठेवायची ती चूक, जिच्यामागे शोध आणि दुरुस्ती दोन्ही आहेत.

पुढच्या बॅचला सरांनी व्हिडिओ संपादित करून टाकायला सुरुवात केली. मुलांनी लांबीची तक्रार केली होती, आणि आपण अडखळताना दिसतो याचा त्यांनाही संकोच वाटत होता. मी त्यांना भेटून कडेगावची गोष्ट सांगितली. आता ते छोटा व्हिडिओ देतात आणि त्याखाली पूर्ण रेकॉर्डिंगही ठेवतात, कितव्या मिनिटाला काय अडलं हे लिहून. मी नव्या मुलींना त्या मिनिटांवरच जायला सांगते. सर ‘थांबा’ म्हणाले की व्हिडिओ थांबवायचा, आपला अंदाज वहीत लिहायचा, मगच पुढे चालवायचा.

येत्या बॅचसाठी सरांनी माझ्याकडे या हंगामाची शीट मागितली आहे. शेतकऱ्यांची नावं काढून बाकी सगळं, गावांची वेगवेगळी रूपं, उलट्यासुलट्या तारखा, राहिलेल्या जागा, तसंच ठेवून देणार आहे. वर्गात रेकॉर्डिंग सुरू होईपर्यंत ती फाइल उघडायची नाही, असं त्यांनी स्वतःहून ठरवलं आहे.