ब्रेमारचा शनिवार

सप्टेंबरचा पहिला शनिवार म्हणजे ब्रेमार गावचा हायलँड खेळांचा मेळावा, हे आमच्या स्कॉटलंडमधल्या अबर्डीनच्या मंडळात कुणाला सांगावं लागत नाही. सकाळी सातला निघायचं आणि डी नदीच्या काठाने बॅन्कोरी, अबॉइन, बॅलेटर करत मैदान गाठायचं. २०२० आणि २०२१ ला कोरोनामुळे मेळावा झाला नाही, तेव्हा तो शनिवार घरात काढवेना.

भाषणं, बक्षिसं सगळीकडे असतात तशीच. ओंडकाफेक मात्र बघावी. जवळजवळ वीस फुटांचा, साठ किलोचा ओंडका किती लांब गेला हे कुणी मोजत नाही. तो उलटून फेकणाऱ्यासमोर घड्याळातल्या बाराच्या काट्यासारखा सरळ पडायला हवा. दुपारी राजघराण्याची गाडी आली की सगळं मैदान उभं राहतं. २०२२ ला राणी एलिझाबेथ येऊ शकल्या नाहीत, त्यांचे चिरंजीव चार्ल्स आले. पाचच दिवसांनी जवळच्या बालमोरलच्या राजवाड्यात राणी वारल्या.

माझा जीव अडकतो तो सकाळच्या पीब्रॉखमध्ये. बॅगपाइपवर एकट्याने वाजवायचं हे संथ, जुनं संगीत. वादक आधी सूर धरणाऱ्या तिन्ही नळ्या जुळवतो, अगदी तंबोरा लावावा तसा. मग ‘उर्लार’ सुरू होतो. गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत उर्लार म्हणजे जमीन. नऊच स्वर, पण एकेका आवर्तनात त्यांवर नक्षी चढत जाते आणि शेवटी वादक पुन्हा त्या साध्या जमिनीवर येतो. सनईमागे सूर धरून बसलेला माणूस लहानपणापासून ऐकलेल्या मला इथे परकं काहीच वाटत नाही. एका वर्षी झिमझिम पावसात एक वयस्कर गृहस्थ वाजवत होते. कोपरावरून पाणी ठिबकत होतं, पावलं हळूहळू पडत होती, बोट एकदाही घसरलं नाही. ऐकायला आम्ही सात-आठजणच.

तेच मला खुपतं. निम्मी मंडळी दुपारी आपापल्या गाड्यांनी येतात, राजाला बघतात, फोटो काढतात आणि परततात. मंडळाच्या बसमधल्या जागा रिकाम्या जातात. मी दर बैठकीत हे बोलते, पुढेही बोलणार.

मदत करणाऱ्यांना मात्र नाव ठेवायला जागा नाही. पहाटे तीनला उठून पुऱ्या तळणाऱ्या काकू, बटाट्याची भाजी करणाऱ्या त्यांच्या जाऊबाई, महिनोन्‌महिने आधी तिकिटं काढून ठेवणारे दादा, दर थांब्यावर डोकी मोजणारी त्यांची मुलगी, जास्तीच्या छत्र्या न विसरता आणणारे आजोबा, आमच्या म्हाताऱ्यांना हात देऊन बाकापर्यंत नेणारा फाटकावरचा तो स्कॉटिश स्वयंसेवक, संध्याकाळी उशीर झाला तरी एका शब्दाने न बोलणारा ड्रायव्हर. आणि चहाचे थर्मास वाहणारी विद्यापीठातली ती दोन मुलं. त्यांचे आभार मागच्या वर्षी राहून गेले होते.