एकटा गोल

सहा जून जवळ आला की आमच्या कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या तोंडी रायगड असतो. राज्याभिषेक दिनाला गल्लीगल्लीतून गाड्या सुटतात, भगवे फेटे इस्त्री होऊन बसतात. २०२४ साली मी आणि माझा भाचा मात्र बरोब्बर उलट्या दिशेला निघालो होतो, पार कोलकात्याला. ताईनं कपाळाला हात लावला. "त्याचं बारावीचं वर्ष, आणि तू त्याला मॅच बघायला दोन हजार किलोमीटर नेतोस? टीव्ही बंद पडलाय काय रे घरातला?"

टीव्ही चांगला होता. पण १६ मेला भारताच्या फुटबॉल संघाचा कप्तान सुनील छेत्रीनं व्हिडिओ टाकून सांगितलं, की ६ जूनची कोलकात्यातली कुवेतविरुद्धची मॅच देशासाठी आपली शेवटची. तो व्हिडिओ भाच्यानं मला रात्री साडेअकराला पाठवला, खाली एकच ओळ: "मामा, जायचं का?" मी झोपेतच 'हो' लिहिलं असणार. सकाळी उठून बघतो तर पठ्ठ्यानं गाड्यांची वेळापत्रकं पाठवून ठेवलेली.

छेत्रीचं आणि माझं एक जुनं देणं होतं. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारतानं चिनी तैपेईला, म्हणजे तैवानला, पाच-शून्य हरवलं, छेत्रीनं तीन गोल मारले आणि बघायला माणसं किती? २,५६९. मुंबईसारख्या शहरात! आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांची मॅच असली तर यापेक्षा जास्त लोक नुसते भिंतीवर बसलेले असतात. त्यानंतर छेत्रीनं हात जोडून सांगितलं, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. मी तेव्हा नोकरीला मुंबईतच होतो. लाज वाटून पुढच्या केनियाच्या मॅचला गेलो. ती त्याची शंभरावी. धो धो पाऊस, खच्चून भरलेलं मैदान, त्याचे दोन गोल. भिजून घरी आलो आणि ठरवलं, याची शेवटची मॅच चुकवायची नाही. सहा वर्षांनी ती वेळ आली.

पण ही मॅच नुसती निरोपाची नव्हती, आणि मला जे सांगायचंय ते इथंच आहे. विश्वचषक २०२६ ची पात्रता फेरी. विश्वचषकात आता ४८ संघ, त्यामुळं आशियाच्या वाट्याला थेट आठ जागा आलेल्या. आपल्या गटात कतार, कुवेत, अफगाणिस्तान आणि आपण. वरचे दोघे तिसऱ्या फेरीत जाणार, जिथं भारत कधीच पोचला नव्हता. कतार सगळ्या मॅच जिंकून कधीच पुढं गेलेला. उरली दुसरी जागा. आपले चार गुण, अफगाणिस्तानचे चार, कुवेतचे तीन. नोव्हेंबरात कुवेतला त्यांच्याच घरी मनवीर सिंगच्या गोलवर आपण हरवलं होतं. तेव्हाच काम निम्मं झाल्यासारखं वाटलेलं. मग मार्चमध्ये अफगाणिस्तानशी आधी बरोबरी आणि पाच दिवसांनी गुवाहाटीत चक्क हार, तीही छेत्रीच्या दीडशेव्या मॅचमध्ये, त्यानं पेनल्टीवर गोल मारून दिल्यावर. तर गणित असं होतं: कोलकात्यात जिंका, बाकीचं बऱ्यापैकी जुळून येतं.

एसटीनं स्वारगेट, तिथून रिक्षानं पुणे स्टेशन आणि ३ जूनच्या संध्याकाळची आझाद हिंद एक्सप्रेस. ताईनं भडंग, चटणी-भाकरी आणि एवढंसं लोणचं बांधून दिलेलं. दौंड, नगर, मनमाड झोपेत गेलं. सकाळी जाग आली ती शेजारच्या काकांच्या मोबाइलमधल्या आरडाओरड्यानं. ४ जून, लोकसभेचा निकाल! नागपूर यायच्या आत अख्ख्या डब्याचं मतमोजणी केंद्र झालं होतं. प्रत्येक सीटवर वेगळं चॅनेल, वेगळा आकडा. गोंदियाच्या पुढं जंगलात रेंज गेली तशी माणसं खिडकीतून हात बाहेर काढून फोन धरायला लागली. कोल्हापुरातनं शाहू महाराज निवडून आल्याचा फोन आला तेव्हा आम्ही छत्तीसगडात कुठंतरी थांबलो होतो. बाहेर कलिंगडवाला, आत एक्झिट पोलवाल्यांना घातलेल्या शिव्या. एवढ्या गोंधळात भाचा वरच्या बर्थवर पडून छेत्रीचे जुने गोल बघत होता. २००५ मध्ये क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध पहिली मॅच, पहिला गोल. तिथून चौऱ्याण्णव गोलांपर्यंत.

हावड्याला उतरलो तर उजाडलंही नव्हतं, आणि शर्ट पाठीला चिकटलेला. कोलकात्याचा जूनमधला उकाडा आमच्या मे महिन्यासारखा भाजत नाही, तो ओल्या टॉवेलसारखा अंगाभोवती गुंडाळून बसतो. सियालदाजवळ एका लॉजवर सामान टाकलं, कचोरी आणि बटाट्याची रस्सेदार भाजी खाल्ली आणि दुपारपर्यंत पंख्याखाली मेल्यासारखे झोपलो.

संध्याकाळी मैदानावर गेलो. कोलकात्यात 'मैदान' म्हणजे फोर्ट विल्यमभोवतीचा तो अफाट हिरवा पट्टा, त्यात एकेका क्लबचा तंबू. तंबू म्हणायचं, आहेत पक्क्या इमारती. मोहन बागानच्या फाटकाशी भाचा बराच वेळ उभा राहिला. १९११ मध्ये याच क्लबच्या पोरांनी, एक जण सोडला तर सगळ्यांनी अनवाणी, खेळून इंग्रजी फौजेच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवलं आणि आयएफए शील्ड जिंकली. छेत्रीही व्यावसायिक म्हणून पहिल्यांदा इथंच खेळला, २००२ साली, सतरा-अठरा वर्षांचा असताना. पुढं त्यानं लग्न केलं तेही मोहन बागानच्या सुब्रत भट्टाचार्यांच्या मुलीशी. म्हणजे शहराचा जावई! शेवटच्या मॅचला सासुरवाडीच निवडली असं मी म्हणालो, तर भाचा म्हणाला, "मामा, मानपान पण एका गोलचा पाहिजे की मग."

तिथंच झालमुडी घेतली. वर बघायला आपला भडंगच, पण तोंडात टाकला आणि मोहरीच्या तेलाचा भपका थेट नाकात. भाच्याच्या डोळ्यांत पाणी. लॉजवर परतलो तर मॅनेजरच्या टीव्हीवर न्यूयॉर्कमधली भारत-आयर्लंड क्रिकेट मॅच, आणि समोर दहा-बारा जण. फुटबॉलच्या राजधानीतही बाकीच्या देशासारखीच रात्र होती, हे बघून बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याच्या हट्टापायी उगाच हावड्याला परत गेलो. कारण काय, तर गंगेच्या, म्हणजे हुगळीच्या, तळाखालनं जाणारी मेट्रो. मार्चमध्येच सुरू झालेली. अर्ध्या किलोमीटरचा बोगदा पाऊण मिनिटात संपतो. खिडकीबाहेर निळे दिवे लागतात तेवढंच, पण अख्खा डबा फोन वर करून उभा. एस्प्लनेडला मेट्रो संपली. तिथून सियालदापर्यंतचा तुकडा तेव्हा जोडलेला नव्हता, म्हणून बसनं जाऊन सियालदाहून पुन्हा मेट्रो. आणि त्या दुसऱ्या मेट्रोत शिरलो तसं कळलं, की आज काहीतरी आहे. सगळा डबा निळा. पाठीवर ११, छेत्री. आजी, नातू, ऑफिसातनं थेट आलेला टायवाला, सगळ्यांच्या पाठीवर तेच. सॉल्ट लेक स्टेडियम स्टेशनावर दारं उघडली आणि आम्ही चाललो नाही, वाहत बाहेर आलो.

स्टेडियमचं खरं नाव विवेकानंद युवभारती क्रीडांगण. १९९७ मध्ये इथं फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल भिडले तेव्हा १,३१,७८१ लोक होते. आता खुर्च्या बसवल्यामुळं तेवढे मावत नाहीत, तरी त्या रात्री साठ हजारांच्या घरात असतील. माझ्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा. धोतर नाही, पँट-बुशशर्ट, काखेत छत्री, पायात चपला. ते १९९७ च्या त्या मॅचला होते. हे त्यांनी मला एकही सामायिक शब्द नसताना सांगितलं: तीन बोटं वर केली आणि म्हणाले, "बाइचुंग!" बायचुंग भुतियाची हॅटट्रिक. मग ते ईस्ट बंगालवाले हे आपोआप कळलं.

सात वाजता मॅच सुरू झाली. राष्ट्रगीताला छेत्रीचा चेहरा पडद्यावर आला तेव्हा झाला तसा आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. आणि मग, खरं सांगतो, आम्ही मॅच बघितलीच नाही. आम्ही छेत्री बघितला. तो कुठं उभा आहे, तो पाणी पितोय, तो हात वर करून पास मागतोय. साठ हजार लोक एका माणसाकडं बघत होते, आणि मला वाटतं मैदानावरचे दहाही तेच करत होते. चेंडू मिळाला की आधी मान वळायची, छेत्री कुठंय? कुवेतच्या पोरांना त्याचं काय पडलंय! चौथ्याच मिनिटाला त्यांचा एक जण थेट आपला गोलकीपर गुरप्रीतसमोर. गुरप्रीतनं अडवला म्हणून वाचलो. मग आपल्या कॉर्नरवर अन्वर अलीला मोकळा हेडर मिळाला, तो बाहेर. मुंबईचा राहुल भेके मागं चांगला खेळत होता, डावीकडं पुण्याचा जय गुप्ता. एवढे आपले लोक मैदानात, आणि ते भाच्याला मी हाफटाइमला सांगितलं. इतकी आमची नजर अकरा नंबरवर.

आजोबा मात्र मॅच बघत होते. दर दोन मिनिटांनी गुडघ्यावर छत्री आपटून म्हणायचे, "ऍकटा गोल चाइ, ऍकटा गोल."

भाचा माझ्या कानाशी. "मामा, एकटा गोल म्हणजे? छेत्रीनं एकट्यानं मारायचा?"

बंगालीत ऍकटा म्हणजे एक, फक्त एक, आणि चाइ म्हणजे पाहिजे. ते मी त्याला समजावलं. पण त्याचा अर्थही चुकीचा नव्हता, सगळे तसंच खेळत होते.

हाफटाइमनंतर आपला रहीम अली आत आला. आला तसाच दोन-तीन मिनिटांत चेंडू घेऊन सुटला. मागं कुणी नाही, पुढं फक्त कुवेतचा गोलकीपर. आमचा अख्खा स्टँड उभा. आजोबांची छत्री हवेत. ते क्षण अजून मला तुकड्यातुकड्यानं आठवतात: रहीमचा डावा हात जरा मागं गेलेला, गोलकीपर पाय पसरून खाली बसतोय, आणि मग चेंडू त्याला लागून निघून गेल्याचा आवाज. आवाज मला ऐकू आला असेल असं नाही, इतक्या लांबून शक्यच नाही. पण आठवतो. आजोबा खाली बसले आणि त्यांनी छत्री पायाशी आडवी ठेवली. मॅच संपेपर्यंत पुन्हा उचलली नाही.

शून्य-शून्य. पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा बोर्डाकडं कुणी बघितलंच नाही. छेत्रीनं हात जोडून मैदानाला फेरी मारली, सहकाऱ्यांनी दोन रांगा करून त्याला मधून नेलं, तो रडला, आमच्या मागचे रडले, मीही रडलो. भाचा रडला नाही. तो फोनवर काहीतरी आकडेमोड करत होता. बाहेर बायपासवर मेट्रोच्या रांगेत उभं असताना म्हणाला, "मामा, आपले पाच, कुवेत चार. आता दोह्यात कतारला हरवायला लागतंय."

मी चिडलो. "आज तरी गप की रे. माणूस चालला खेळ सोडून."

"माणसासाठीच आलो काय आपण नुसते?" तो म्हणाला. रांग पुढं सरकली.

पाच दिवसांनी, ११ जूनला, घरी हॉलमध्ये बसून दोह्याची मॅच बघितली. आपल्या छांगटेनं ३७ व्या मिनिटाला गोल मारला आणि मी ताईला झोपेतनं उठवलं. मग ७३ वं मिनिट. चेंडू गोलरेषेच्या बाहेर गेलेला, सगळ्या जगाला दिसला, आपली पोरं थांबली. कतारच्या खेळाडूनं तो पायानं आत ओढला, दुसऱ्यानं गोल केला आणि पंचांनी तो दिला. व्हिडिओ रेफरी नव्हताच. पुढं आणखी एक खाल्ला, दोन-एक. तिकडं कुवेतनं अफगाणिस्तानला एक-शून्य हरवलं आणि सात गुणांवर दुसरी जागा घेतली. आठवड्याभरात प्रशिक्षक इगोर स्टिमाचनाही घालवलं.

त्या गोलबद्दल देशभर बोंब झाली, ती रास्तच होती. पण भाच्यानं वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं: कोलकात्यात आपण एक-शून्यनं जिंकलो असतो तर आपले सात, कुवेतचे तीन. शेवटची मॅच जिंकूनही ते सहालाच थांबतात. दोह्यातला तो गोल झाला असता, आपण हरलोही असतो, तरी पुढं गेलो असतो. ऍकटा गोल.

गंमत बघा, ज्याला निरोप द्यायला गेलो तो पुढच्याच वर्षी मार्चमध्ये निवृत्ती मागं घेऊन परत आला, शिलाँगला मालदीवविरुद्ध गोलही मारला. पंच्याण्णवावा. ताईनं त्या दिवशी मला फोन करून फक्त तिकिटाचे पैसे किती झाले होते ते विचारलं.

भाचा आता पेठेतल्या एका तालमीकडून खेळतो, उजवीकडनं पळतो. परवा शाहू स्टेडियमवर त्यांची मॅच होती. शून्य-शून्य, दहा मिनिटं बाकी. माझ्या तोंडून नकळत गेलं, "ऍकटा गोल चाइ रे!" पुढच्या पायरीवरच्या काकांनी मागं वळून मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"एकटा कशाला?" म्हणाले. "तीन मारूया की."