दिसायला तर ठीकच आहेत

"कुंकू बळकट म्हणून वाचले हो!" हे वाक्य, माझ्या यजमानांच्या डोक्याला अपघातात जबर मार बसल्यापासून, मी गेल्या चार वर्षांत इतक्यांदा ऐकले आहे की आता त्यावर मान डोलावण्याची सवयच लागली आहे. बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्या वाक्याला जोडूनच दुसरे वाक्य येते, "आणि आता तर दिसायला अगदी ठीकच आहेत," आणि तिथे मला गप्प बसावे लागते, कारण दिसायला ठीक असणे आणि ठीक असणे यांच्यामधल्या अंतरात आमचे सगळे घर राहते.

माझे यजमान एका पतसंस्थेत वसुलीचे काम पाहत. शेकडो खातेदारांचे हप्ते, थकबाकी आणि जामीनदारांची नावे त्यांना तोंडपाठ असत. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये, ऊसतोडीचा हंगाम नुकताच सुरू झालेला असताना, सांगली-तासगाव रस्त्यावर दिवेलागणीच्या सुमारास त्यांची दुचाकी उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीचे चाक बसले होते, मागे लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, चाकाला लावलेले दोन दगड तेवढे होते. हेल्मेट घरी खुंटीवर होते, कारण "एवढ्याशा अंतराला काय करायचे आहे." त्यांना टेम्पोत घालून रुग्णालयात आणणारे दोन तरुण नाव न सांगताच निघून गेले, पोलिसांचे लचांड मागे लागेल अशी भीती त्यांना वाटली असावी. वास्तविक मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १३४ अ हे कलम अशा मदत करणाऱ्याला संरक्षण देते आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. हे त्यांना कुणी सांगितले असते तर निदान मला त्यांचे आभार मानता आले असते.

"जीसीएस सहा आहे," असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी विचारले, "सहा म्हणजे कितीपैकी?" पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसाचे पंधरा, काहीच प्रतिसाद न देणाऱ्याचे तीन, आणि आठ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर इजा, ही ग्लासगो येथे १९७४ साली तयार झालेली शुद्धीची मोजपट्टी (ग्लासगो कोमा स्केल, म्हणजेच जीसीएस) मी त्या रात्री शिकले. मेंदूची सूज वाढत असल्याने कवटीचे एका बाजूचे हाड काढून ते पोटाच्या त्वचेखाली ठेवण्यात आले आणि सुमारे चार महिन्यांनी पुन्हा जागेवर बसवण्यात आले. हाड पोटात ठेवल्याची बातमी नात्यागोत्यात अशी पसरली की भेटायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्याच कुतूहलाने येत. पहिल्या महिन्यात घरात शहाळी ठेवायला जागा नव्हती, आणि सहाव्या महिन्यात फोनही येईनासा झाला. एका नातेवाईक बाईंनी देवऋषीचे नाव सुचवले, दुसऱ्या एकाने "थोडे वेडसर झालेत का?" असे दाराआड विचारले; त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

खरी अवघड गोष्ट घरी आल्यावर सुरू झाली. हात-पाय चालू लागले, बोलणे परतले, पण कपाळामागचा मेंदूचा जो भाग कामाचा क्रम लावतो, राग आवरतो आणि "हे आत्ता नको" असे माणसाला आतून सांगतो, त्याला जबर मार बसला होता. आंघोळीला जातो म्हणून उठलेला माणूस न्हाणीघराच्या दारात उभा राही, कारण पुढे काय करायचे ते सुटून गेलेले असे. चहा झाला का हे दहा मिनिटांत तीनदा विचारले जाई. मुलीच्या हातून पेला पडला तर असा संताप होई की ती बारा वर्षांची पोर माझ्या मागे लपे, आणि अर्ध्या तासाने तिला जवळ घेऊ पाहणाऱ्या वडिलांना आपण ओरडलो होतो हेच आठवत नसे. सकाळी तासभर वर्तमानपत्र वाचले की दुपारपर्यंत डोळे उघडेनात, याला घरातले ज्येष्ठ आळस म्हणत. इजा झालेल्या मेंदूचा थकवा म्हणून काही वेगळीच गोष्ट असते हे मलाही वर्षभराने समजले.

त्या वर्षभरात आम्हाला सर्वांत मोठा आधार दिला तो आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारांनी. यजमान दिवसातून दोन-तीनदा दुकानात जात आणि दर वेळी पाच किलो साखर मागत. दुकानदारांनी पहिल्या दिवशी दिली, दुसऱ्या दिवशी दिली, आणि तिसऱ्या दिवशी पोत्यावर हात ठेवून मला फोन केला, "वहिनी, साहेब परत आलेत, काय करू?" त्यानंतर त्यांनी आमच्या नावाची एक छोटी वही वेगळी ठेवली. तिच्यात त्या दिवशी काय नेले ते लिहून ते वहीच यजमानांपुढे सरकवत, म्हणजे "तुम्हाला आठवत नाही" असे कुणी म्हणण्याची वेळ येत नसे. वसुलीतला माणूस वहीवर विश्वास ठेवतो हे त्यांनी बरोबर ओळखले होते. रिक्षा थांब्यावरच्या दोघांना मी पत्ता लिहून दिला होता आणि वाट चुकलेल्या यजमानांना त्यांनी तीनदा दारात आणून सोडले. शिबिरे, फलक आणि फेऱ्या यांना मी कमी लेखत नाही, पण जागरूकता या शब्दाचा मला कळलेला अर्थ त्या वहीत आहे.

कागदोपत्री मात्र अशी समजूत क्वचितच भेटली. यजमान एकोणीस दिवस बेशुद्ध होते, तेवढ्या काळात त्यांच्या एकट्याच्या नावावरची मुदतठेव मोडता आली नाही. बेशुद्ध पडलेल्या सज्ञान माणसाच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार मिळवण्यासाठी अनेक कुटुंबांना थेट उच्च न्यायालयात जावे लागले आहे. माझ्या दागिन्यांवर ती वेळ भागली. पुढे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी गेलो, तेव्हा तपासणाऱ्यांनी मूठ वळायला सांगितली, चालून दाखवायला सांगितले, डोळे पाहिले, आणि सगळे बरे असल्याचा निर्वाळा दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत, परंतु मेंदूला बसलेला मार हा त्यांत स्वतंत्र प्रकार नाही, त्यामुळे झालेले नुकसान चालण्याच्या, बोलण्याच्या किंवा मानसिक आजाराच्या खणात बसवून लाभांसाठी लागणाऱ्या चाळीस टक्क्यांपर्यंत पोहोचवावे लागते. दुसऱ्या खेपेला आम्ही मानसशास्त्रज्ञांकडून स्मृती आणि एकाग्रतेच्या चाचण्यांचा लेखी अहवाल घेऊन गेलो, तेव्हा काम झाले. ज्यांना हा मार्ग चालायचा आहे त्यांनी पहिल्या खेपेलाच तो अहवाल न्यावा, आणि घरच्या माणसाने शेजारी बसून बोलावे, कारण आमच्यातले बहुतेक रुग्ण डॉक्टरांसमोर "मला काही त्रास नाही" असेच सांगतात. ते खोटे बोलत नसतात. आपल्यात काय बदलले आहे याची जाणीवच त्या माराने पुसलेली असते.

फिजिओथेरपीच्या बाकावर बसून बसून चार-पाच जणींची ओळख झाली आणि त्यातूनच आमची बैठक सुरू झाली. इंग्लंडमध्ये अशा कुटुंबांनी १९७९ साली आणि अमेरिकेत १९८० साली संस्था उभ्या केल्या. आपल्याकडे जोधपूरच्या पूर्वीच्या राजघराण्यातील गजसिंह यांनी, मुलाला पोलो खेळताना डोक्याला गंभीर इजा झाल्यानंतर, २००७ मध्ये इंडियन हेड इंज्युरी फाउंडेशन स्थापन केले. आमचा पसारा तेवढा नाही. सात कुटुंबे आहेत आणि एका वाचनालयाची मागची खोली आहे. तिथे एक वकीलबाई येऊन सांगून गेल्या की मेंदूला इजा झालेल्या एका मुलीच्या अपघात-भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली परिचारकाचा खर्चही, बुडालेल्या उत्पन्नाप्रमाणेच, पुढच्या वर्षांचा गुणक लावून, म्हणजे वर्षाच्या रकमेला ठरलेल्या आकड्याने गुणून, मोजला आहे. हे ऐकून आमच्यातल्या एका सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या सुनेच्या कामाला दाम आहे तर!" फिट आली तर तोंडात चमचा घालू नये, नाकाला चप्पल किंवा कांदा लावू नये, माणसाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ ला फोन करावा, हेही आम्ही तिथेच पाठ केले आणि मग आपापल्या शेजाऱ्यांना शिकवले.

सांभाळाचा विषय निघाला की मला मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग आठवतात. नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यात गळा आवळला गेल्याने त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली आणि मे २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. देशाने त्यांच्या निमित्ताने दयामरणाची चर्चा केली, ती आवश्यकही होती. माझ्या मनात मात्र त्या परिचारिकांचे पाळीपत्रक येते, कारण एकेचाळीस वर्षांहून अधिक काळाचा सांभाळ एका माणसाच्या बळावर होत नाही, तो पाळ्या लावूनच होतो. आमच्या बैठकीतही आम्ही तेच सुरू केले आहे: महिन्यातला एक दिवस प्रत्येक घरातल्या सांभाळणाऱ्या व्यक्तीला सुट्टी, आणि त्या दिवशी दुसऱ्या घरातले कुणीतरी तिच्या जागी. पहिल्या सुट्टीला मी कुठेही गेले नाही, माहेरी जाऊन पाच तास झोपले.

गेल्या गणपतीत आमच्या गृहसंकुलाच्या मंडळाने आमच्या विनंतीवरून आरतीचा ध्वनिवर्धक दुसऱ्या बाजूला वळवला आणि झगमगणारे दिवे स्थिर ठेवले. यजमान पूर्ण आरतीला उभे राहिले, शेवटच्या कडव्याला थकून खुर्चीत बसले आणि प्रसादाचे तीन मोदक मागून घेतले. मोदक वाटणाऱ्या मुलाने वही मात्र ठेवलेली नव्हती, त्यामुळे चौथाही मिळाला.

आमची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला भरते, कारण दुपारनंतर आमच्या माणसांना थकवा येतो. खोली तळमजल्यावर आहे, पंखा फार आवाज करतो म्हणून आम्ही तो बंद ठेवतो, आणि एका वेळी एकानेच बोलायचे असते. येताना शहाळी आणू नयेत.